सातवीची मुलं धडाधड वाचतात पण काय वाचलं ते सांगता येत नाही – रेसिप्रोकल टीचिंग कुणी खरंच करून बघितलंय का?

सातवी_अ

नमस्कार मंडळी, इथले धागे नेहमी वाचते पण स्वतः धागा काढायची ही पहिलीच वेळ, तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत वरच्या वर्गांना मराठी आणि भूगोल शिकवते. यंदा सातवी माझ्याकडे, पट 41. मुलांना वाचता येत नाही म्हणावं तर तसं नाहीये, चार-पाच जण सोडले तर बाकी सगळी धडाधड वाचतात, जोडाक्षराला अडखळत नाहीत, परिपाठात बातम्या वाचायला हात वर करतात. पण वाचून झालं की पुस्तक मिटायला सांगते आणि विचारते काय वाचलंस, तर समोरून काहीच येत नाही. गेल्या महिन्यात एका मुलीला असंच विचारलं तर तिनं पुस्तक परत उघडलं आणि पहिली ओळ पुन्हा मोठ्यानं वाचायला लागली. तिला खरंच वाटत होतं की मी तेच मागतेय. मुलगी हुशार आहे, घरच्या किराणा दुकानाची उधारीची वही तीच सांभाळते. मला त्या दिवशी फार लागलं, कारण तिचं काही चुकलंच नव्हतं, वाचन म्हणजे एवढंच असं आम्हीच तिला सहा वर्षं शिकवत आलोय.

आणि परीक्षेत हे पकडलंच जात नाही. उताऱ्यावर प्रश्न आला की प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, ती ओळ सापडली की जशीच्या तशी उतरवायची, मार्क मिळाले. असं का झालं असेल, तू असतीस तर काय केलं असतंस, असं काही विचारलं की सगळा वर्ग माझ्याकडे नुसता बघत बसतो.

मागे एका प्रशिक्षणात रेसिप्रोकल टीचिंगबद्दल सांगितलं होतं, की मुलांनी गटात बसून एकमेकांना शिकवायचं, चार कामं – अंदाज, प्रश्न, शंका, सारांश. चार रंगांची कार्डं पण दिली. मी फार उत्साहानं सुरू केलं, चार-चारचे गट, प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड. दोन आठवडे चाललं आणि जे झालं ते असं: अंदाजवाला म्हणतो "मला वाटते की पुढे आणखी माहिती असेल", प्रश्नवाला स्वाध्यायातला पहिला प्रश्न वाचतो, शंकावाला म्हणतो "मला सगळे समजले", आणि सारांशवाला शेवटच्या दोन ओळी वाचून दाखवतो. प्रत्येक गट सात मिनिटांत मोकळा, मग नुसता गोंगाट, शेजारच्या वर्गाचे सर दोनदा येऊन गेले. ज्याच्या कार्डाची पाळी नसेल तो बाकीच्यांचं ऐकतही नाही, आपली पाळी कधी येते तेवढंच बघतो.

मला अजून वाटतं की यात काहीतरी आहे, पण माझ्या हातून ते निसटतंय. कुणी सहावी-सातवीला हे नीट चालवलं असेल तर सांगा ना, सुरुवात कुठून करायची, 41 पोरांत कसं बसवायचं, आणि ज्यांना मुळात वाचताच येत नाही त्या चार-पाच जणांचं काय.

गणितवाला

बाई, मराठी माझा विषय नाही पण तुम्ही लिहिलंय ते आमच्याकडे गणितात रोज दिसतं. शाब्दिक उदाहरण दिलं की मुलं वाचतच नाहीत, आकडे तेवढे उचलतात आणि "एकूण" दिसलं की बेरीज, "उरले" दिसलं की वजाबाकी. परवा मी मुद्दाम असं उदाहरण घातलं की त्यात "उरले" होतं पण करायची होती बेरीज (खर्च केले इतके, उरले इतके, तर आधी किती होते), वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी वजाबाकी केली. तेव्हा हा नुसता भाषेच्या तासाचा प्रश्न नाही.

मला वेळेची मात्र काळजी वाटते. 35 मिनिटांचा तास, त्यात हजेरी, वह्या, आणि पोर्शन संपवायचाय. टाचणात हे कुठल्या रकान्यात लिहिणार? कुणी केलं असेल तर मलाही ऐकायचंय, टीका म्हणून नाही लिहीत.

एमएडवाली

मी अध्यापक महाविद्यालयात शिकवते, त्याआधी नऊ वर्षं माध्यमिकला होते. सातवी_अ, तुमचं जे झालं ते खूप ठिकाणी होतं आणि त्याचं कारण बरंचसं त्या गळ्यातल्या कार्डांत आहे, म्हणून थोडं मुळाशी जाऊन लिहिते.

ही पद्धत ॲनमरी पॅलिन्कसार आणि ॲन ब्राउन या दोघींनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात असताना काढली, त्यांचा मुख्य लेख 1984 चा. आणि गंमत बघा, त्यांनी निवडलेली मुलं बरोबर तुमच्या वर्गासारखी होती – सातवीतली, अक्षर वाचता येणारी, पण वाचलेलं न कळणारी. अक्षरओळखीतच अडकलेल्या मुलांसाठी ही पद्धत काढलेलीच नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. रोज साधारण अर्धा तास, वीसेक दिवस, माहितीपर उतारे. रोजच्या आकलन चाचणीत जी मुलं तीस टक्क्यांच्या आसपास होती ती सत्तर-ऐंशीपर्यंत गेली.

पण त्यांच्या वर्गात चार मुलांच्या गळ्यात चार कार्डं नव्हती. एक परिच्छेद सगळे वाचायचे, मग गटातला एक जण त्या परिच्छेदापुरता "शिक्षक" व्हायचा आणि तो चारही गोष्टी करायचा, म्हणजे प्रश्न विचारायचा, थोडक्यात सांगायचा, अडलेलं काढायचा, पुढचा अंदाज बांधायचा, आणि बाकीचे त्याला उत्तर द्यायचे, दुरुस्त करायचे, भांडायचे. पुढच्या परिच्छेदाला दुसरा शिक्षक. चार कामं वेगवेगळ्या मुलांना वाटून द्यायची कार्डं नंतर आली, सोय म्हणून. ती वाईटच असं नाही, पण कामं वाटली की बोलणं तुटतं. वाचताना आपल्या डोक्यात या चारही गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात, कुठं अडलं म्हणून प्रश्न पडतो, प्रश्न पडला म्हणून पुढं काय असेल याचा अंदाज येतो. त्या चार जणांत वाटल्या तर एकाच्याही डोक्यात पूर्ण वाचन होत नाही.

दुसरं, खरी शिक्षिका सुरुवातीला गटात बसलेली असायची आणि जवळजवळ सगळं तीच करायची. मुलाला प्रश्न सुचला नाही तर ती म्हणायची बरं, मी सुरू करते, तू पुरा कर. हळूहळू तिनं हात काढून घ्यायचा. आपल्याकडच्या प्रशिक्षणात नेमका हा मधला भाग गळतो, पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात देऊन आपण बाजूला उभे राहतो आणि मग म्हणतो जमत नाही.

खोटी आशा नको म्हणून हेही सांगते. 1994 मध्ये रोझेनशाइन आणि माइस्टर यांनी तोवरचे 16 अभ्यास एकत्र तपासले, तर संशोधकांनी स्वतः तयार केलेल्या चाचण्यांत फरक चांगला मोठा होता (परिणाम किती मोठा हे सांगणाऱ्या त्यांच्या मापात 0.88) आणि सरसकट प्रमाणित चाचण्यांत बराच कमी (0.32). म्हणजे उपयोग होतो, पण घटक चाचणीच्या तक्त्यात लगेच दिसेल या हिशोबानं सुरू करू नका, महिन्याभरात निराश व्हाल.

अजून एक, हे माझं निरीक्षण. देवनागरी लिहिल्याप्रमाणे वाचता येते म्हणून आपली मुलं न कळता खूप छान वाचू शकतात. इंग्रजी वाचताना न कळलेला शब्द उच्चारातही अडतो, म्हणून बाईला ऐकूनच कळतं. मराठीत मूल "अभिसरण" पण घडाघडा वाचून पुढं जातं आणि आपण म्हणतो वा. आवाजावर विश्वास ठेवू नका.

वऱ्हाडी_मास्तर

वरच्या मॅडमनी बरोबर सांगितलं, मला यातलं अर्धं माहीत नव्हतं पण ठेचा खात खात त्याच जागी पोचलो. मी विदर्भात, बुलडाण्याकडं, तीन वर्षं झाली सहावी-सातवीला हे करतोय. काय चाललं ते सांगतो, लांब होईल.

पहिली गोष्ट, पाठ्यपुस्तकातला धडा घेऊ नका. त्याचे प्रश्न खाली छापलेले असतात आणि त्याचं गाइड घरी असतं, पोरं कशाला डोकं लावतील. मी स्वतः चार परिच्छेदांचा उतारा लिहितो, गावाजवळच्या विषयावर. पहिला लिहिला लोणार सरोवरावर, कारण सगळ्यांनी लांबून तरी पाहिलेलं आणि कुणालाच फार माहीत नाही.

पहिला पूर्ण आठवडा गट नाहीत, कार्ड नाही, काही नाही. मी एकटा वाचतो आणि मोठ्यानं विचार करतो. थांबतो, डोकं खाजवतो, म्हणतो हे मला कळलं नाही बुवा, परत वाचतो. सरांना पण अडतं हे पाहून पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्यांना वाटत असतं की मोठी माणसं एका दमात वाचतात आणि एका दमात कळतं, म्हणून अडलं की लपवायचं.

शंकेचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे असं माझं मत झालंय. पहिला परिच्छेद असा होता की हे सरोवर म्हणजे बेसॉल्ट खडकात उल्कापाताच्या आघाताने तयार झालेले विवर आहे, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. विचारलं कुणाला काही अडलं? एका सुरात नाही सर. मग प्रश्न बदलला – हा कागद तुमच्या चौथीतल्या भावाबहिणीला दिला तर ते कुठं अडतील? लगेच हात वर, बेसॉल्ट, विवर, आघात, उल्कापात. स्वतःला अडलं म्हणायची लाज वाटते, धाकट्याच्या नावावर सांगायला वाटत नाही. तेव्हापासून मी "काय समजलं नाही" हा प्रश्न वर्गात विचारतच नाही.

त्यात एक पोरगा म्हणाला आघात मला माहीत आहे, आमच्या आबांना आला होता, एक हात गेला. त्याच्या डोक्यात पक्षाघात. म्हणजे त्याच्यासाठी ते वाक्य असं होतं की उल्का पडली आणि कुणालातरी झटका आला, आणि त्याला ते कळलंय असं वाटत होतं म्हणून तो शंका कशाला विचारेल! मी अर्थ सांगितला नाही. गटातल्याच एकीनं विचारलं की मग दगडाला झटका कसा येईल, मग दहा मिनिटं आघात, पक्षाघात, आघाडी, घात असं सगळं निघालं (आघाडीचा काही संबंध नाही, ते त्यांनीच खोडलं) आणि शेवटी तोच पोरगा म्हणाला, "म्हंजे आबालेबी मारच बसला ना सर, पण आतून." मी शब्दार्थ फळ्यावर लिहून दिला असता तर हे झालं असतं का?

अंदाजाचं. "पुढे आणखी माहिती असेल" हे माझ्याकडेही यायचं. त्याला उपाय म्हणजे उतारा अशा जागी घडी घालून द्यायचा की पुढचं हवंहवंसं वाटेल, आणि अंदाज सांगितला की लगेच "कशावरून?" विचारायचं, बोट मागच्या ओळीवर ठेवायला लावायचं. मी घडी घातली ती या वाक्यावर: 2020 च्या जून महिन्यात लोक काठावर गेले तेव्हा सरोवराचे पाणी... एक मुलगी म्हणाली आटलं असंन. कशावरून? तर तिनं दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं, तिथं लिहिलं होतं की या सरोवरातून पाणी बाहेर वाहून जायला वाट नाही, ते फक्त उन्हाने वाफ होऊन जाते, म्हणून खारट. घडी उघडली तर पाणी गुलाबी झाले. सगळे ओरडले चूक चूक. आणि पुढं वाचलं तर कारण हेच, ऊन जास्त, पाणी कमी झालं, क्षार वाढले आणि क्षारात वाढणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव माजले. तिचा अंदाज चुकला पण कारण तिलाच सगळ्यात आधी कळलं. तेव्हा अंदाज बरोबर आला की नाही याला मार्क देऊ नका, मागच्या ओळीवर बोट ठेवता आलं का ते बघा.

प्रश्नांचं एक खूण सांगतो. पोरगं "लोणार सरोवर कोठे आहे?" असं विचारतं ना, त्या "कोठे"वरून समजायचं की हा प्रश्न त्याचा नाही, स्वाध्यायाचा आहे. घरी कुणी कोठे म्हणतं का? पहिले आठ-दहा दिवस सगळे प्रश्न कोठे, केव्हा, का बरे असे आले. मग एका दिवशी एकानं विचारलं, "हे पाणी गुलाबी झालं त मंग परत साधं काऊन झालं?" काऊन म्हणजे आमच्याकडचं "का", ते ऐकलं आणि मी खडू ठेवला खाली. तो त्याचा स्वतःचा प्रश्न होता. गटातलं बोलणं घरच्या भाषेतच होऊ द्या, वहीत लिहिताना प्रमाण मराठी, बोलताना नाही. आमच्याकडं एकदा तपासणीला आलेल्यांनी यावर नाराजी दाखवली होती, मी ऐकून घेतलं आणि तसंच चालू ठेवलं.

सारांशाला पुस्तक बंद, कागद पालथा. "मामाला फोन लावलाय, मोबाईलची बॅटरी एक टक्का आहे, तीन वाक्यांत सांग." पहिल्यांदा सगळे "हॅलो मामा कसे आहात" यातच बॅटरी संपवतात, चौथ्या दिवसापासून नीट येतं.

41 पोरं: दुसरा आणि तिसरा आठवडा मधे सहा जण आणि मी, बाकी सगळे भोवती गोल बसून बघतात आणि सगळ्यात चांगला प्रश्न कुणी विचारला ते वहीत लिहितात. त्यानंतर रोज एक गट माझ्याजवळ पंधरा-वीस मिनिटं, बाकीच्यांना मूक वाचन किंवा स्वाध्याय. सहा गट, सहा वार. शनिवारी सकाळची शाळा म्हणून तो गट थोडा मागं पडतो, त्याला मी परिपाठानंतर घेतो. सगळे गट एकदम मी अजूनही चालवत नाही, दिवाळीनंतर कधीतरी. गणितवाले सर, पोर्शन माझाही असतो, पण त्या वीस मिनिटांनी भूगोलाचे धडे पुढं पटापट झाले हे खरं आहे.

जर्सीतली_ताई

मी न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, मुलं दहा ते तेरा वयाची. एमएडवालींनी देवनागरीबद्दल लिहिलंय ते वाचून अगदी पटलं, आमची मुलं तर याचं टोक आहेत. बाराखडी पक्की झाली की काहीही वाचतात, आजी व्हिडिओ कॉलवर ऐकून खूश होते, आणि "पाणवठा" म्हणजे काय विचारलं तर शून्य. इथल्या त्यांच्या रोजच्या शाळेत ही पद्धत इंग्रजीच्या तासाला असते, ती पण बऱ्याचदा रेडीमेड कार्डं छापून, त्यामुळे मुलांना सवय आहे आणि तोच पाठ केल्यासारखा सूर माझ्याकडेही घेऊन येतात.

मी आता वऱ्हाडी सरांचं घडी घालणं करून बघणार आहे. माझी एकच भर: आमच्याकडे शंका दूर करायचा उपाय सगळ्यांचा एकच असतो, फोनवर शोधणं. म्हणून मी नियम केलाय की आधी मागची ओळ, मग पुढची ओळ, मग शब्दाचे तुकडे, मग मित्र, आणि शेवटी फोन. पाणवठा त्यांनी पाणी आणि काठ असा फोडला, पूर्ण बरोबर नाही पण गोष्ट पुढं सरकायला पुरेसा.

सातवी_अ

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री साडेअकराला बसून सगळं दोनदा वाचलं. कार्डं काढून टाकते उद्याच. वऱ्हाडी सर, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे गटात एखादं मूल काहीच बोलत नसेल तर त्याला "शिक्षक" करायचं का, का आणखी बुजेल? आणि ती चार-पाच वाचता न येणारी मुलं?

वऱ्हाडी_मास्तर

करायचं, पण तिसऱ्या-चौथ्या पाळीला, आणि तुम्ही त्याच्या अगदी शेजारी बसा. त्याला एवढंच म्हणायला लावा, "मला पहिला प्रश्न असा पडला की..." आणि पुढं तुम्ही कुजबुजून द्या. माझ्या एका पोरीनं पंधरा दिवस माझेच प्रश्न माझ्या कुजबुजीतून विचारले, सोळाव्या दिवशी माझ्याकडं मान न वळवता विचारला.

वाचता न येणाऱ्यांचं वाचन वेगळं घ्यावं लागतं, अक्षर-शब्द-वाक्य, रोज दहा मिनिटं, त्याला दुसरा रस्ता नाही. पण गटातून त्यांना काढू नका. गटात उतारा दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचा, यांनी ऐकायचं आणि बाकी सगळं करायचं. ऐकून त्यांना कधी कधी बाकीच्यांपेक्षा जास्त कळतं, कारण ते सगळं लक्ष अर्थाकडे लावतात.

एमएडवाली

याला दुजोरा. आणि बाई, सुरू करायच्या आधी एक काम करून ठेवा. सात-आठ मुलांना एक न वाचलेला उतारा द्या, पुस्तक मिटून काय वाचलं ते सांगायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, आपल्यापुरतं. दीड महिन्यानं तसाच दुसरा उतारा. मार्कांच्या तक्त्यापेक्षा त्यात तुम्हाला जास्त दिसेल.

सातवी_अ

सात आठवड्यांनी परत आलेय, कारण मला इथं सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही, खरंच सांगते. मी मोठ्यानं विचार करायची आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघायची. चौथीतल्या भावाबहिणीची युक्ती मात्र पहिल्या दिवसापासून चालली. घडी घातलेला कागद दिला की मुलं उजेडाकडे धरून मागून वाचायला बघतात, म्हणून आता जाड कागदावर झेरॉक्स काढते.

आमचा तालुका पाऊस कमी पडणाऱ्यातला. मागच्या बुधवारी पर्जन्यछायेवर लिहिलेला उतारा घेतला, सह्याद्री, ढग, महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि घाट उतरून वाईला आलं की हजाराच्याही आत, असं सगळं. "शिक्षक" होती ती किराणा दुकानवाली मुलगी, पहिली ओळ परत वाचणारी. तिनं परिच्छेद वाचला आणि मधेच थांबली. म्हणाली, बाई हे जुळत नाहीये. छाया म्हणजे सावली, पर्जन्यछाया म्हणजे पावसाची सावली, म्हणजे जिथं पावसाचे ढग वर आलेत आणि खाली सावली पडलीय तिथं पाऊस जास्त पाहिजे, आणि इथं लिहिलंय कमी. छापणाऱ्यानं चूक केलीय का?

मला बोलायचं होतं, मी जीभ चावून गप्प बसले. गटातला एक मुलगा म्हणाला अगं सावली ढगाची नसेल, डोंगराची असेल. दुसरा म्हणाला डोंगराची सावली तर सकाळी इकडं आणि संध्याकाळी तिकडं पडते, मग पाऊस पण तसा हलतो का. मग ती फळ्याकडे गेली आणि तिनं डोंगर काढला, डावीकडे समुद्र, उजवीकडे आमचं गाव, बाण काढला समुद्राकडून. बघत बसली. मग म्हणाली, आपण भिंतीच्या आडोशाला उभं राहिलो तर भिजत नाही तसं, ही आडोशाची सावली आहे. आपलं गाव आडोशाला आहे बाई.

मी इतकी वर्षं हा घटक शिकवतेय, व्याख्या पाठ करून घेतेय आणि "वातविमुख उतार" (वाऱ्याच्या आड असलेली डोंगराची बाजू) फळ्यावर लिहितेय. किती मुलांच्या डोक्यात पर्जन्यछाया म्हणजे ढगाखालची जागा राहिली असेल आणि त्यांनी व्याख्या बरोबर लिहून पूर्ण मार्क घेतले असतील, हे आता डोक्यातून जात नाही.

एमएडवाली मॅडम, रेकॉर्डिंग केलं होतं, आठ जणांचं. पाच जणांत फरक स्पष्ट आहे, आधी दोन वाक्यं ती पण उताऱ्यातलीच, आता पाच-सहा आणि स्वतःच्या शब्दांत. दोघांत थोडा. एकात काहीच नाही, तो अजून शेवटची ओळ म्हणून दाखवतो, त्याला वेगळं काय लागतंय ते शोधतेय. घटक चाचणीत वर्गाचे मार्क होते तिथंच आहेत. शेजारच्या वर्गाच्या सरांनी मात्र काल विचारलं, तुमची पोरं आजकाल कशावरून एवढं भांडतात.

गणितवाले सर, तुमचं "उरले"चं उदाहरण मी मराठीच्या तासाला घेतलं, गटात. सोडवायचं नाही, फक्त काय घडलं ते मामाला सांगायचं. मामाला सांगून झाल्यावर कुणीच वजाबाकी केली नाही.

गणितवाला

हे मी सोमवारी करतोय. आधी सांगायचं, मग पेन उचलायचं. टाचणात कुठल्या रकान्यात ते नंतर बघू.

वऱ्हाडी_मास्तर

आडोशाची सावली! बाई, हा शब्द मी माझ्या वर्गात वापरणार, तुमच्या त्या पोरीला सांगा. तो पर्जन्यछायेचा उतारा इथं टाका ना, घडी कुठं घातली तेही लिहा. मी लोणारचा उद्या टाकतो. त्यात एक जागा मुद्दाम ठेवलीय, सरोवराचं वय एका ओळीत सुमारे 52 हजार वर्षं आणि पुढच्या ओळीत सुमारे 5 लाख 70 हजार, जुन्या आणि नव्या मोजणीचे दोन्ही आकडे, कारण न देता. तिथं कुणी थांबतंय का ते बघा. माझ्याकडं पहिल्या वर्षी 38 पैकी एक पोरगी थांबली होती, "सर तुम्ही लिहिताना चुकले का" म्हणून. यंदा अकरा थांबले.